सगळेच नवशिके

माणसाच्या डोक्याला जशी स्मरणशक्ती असते तशी ती त्याच्या हातालाही असते, आणि कित्येकदा हाताचीच स्मरणशक्ती अधिक विश्वासू ठरते. आमच्या लोंढ्यात पावसाळा लागला म्हणजे रात्री-अपरात्री वीज जाणे ही नित्याचीच गोष्ट. अशा वेळी घरातील गृहिणी अंधारात उठते, चार पावले चालते, आणि कोनाड्यातील काडेपेटी तिच्या हाताला अचूक लागते. डोळ्यांना काही दिसत नसते, मनही अर्धवट झोपेत असते. सारे काम हात करतो. तीच काडेपेटी कोणी उचलून पलीकडच्या कोनाड्यात ठेवली, की मात्र सारे घर जागे होते. पेटी हरवलेली नसते, ती घरातच असते; परंतु हात रिकामा परत येतो, आणि त्या रिकाम्या हाताची चिडचिड काही निराळीच असते.

ही चिडचिड यंदा आमच्या वाट्यास आली ती शाळेच्या कार्यालयातील संगणकामुळे. आम्ही मराठीचे शिक्षक. तथापि वार्षिकांकाचे लेख टंकलिखित करणे, दाखले तयार करणे, निकालपत्रके जुळवणे ही कामे आमच्याकडेच आहेत. गेली कित्येक वर्षे ती आम्ही 'विंडोज १०' या प्रणालीवर करीत आलो. २०१५ साली निघालेल्या या प्रणालीची नियमित देखभाल तिच्या कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवली. देखभाल थांबली म्हणून संगणक दुसऱ्या दिवशी बंद पडतो असे नाही. आपल्या भागातील कौलारू घरांचेच उदाहरण घ्या. उन्हाळ्यात कौले चाळून घेतली नाहीत म्हणून घर पहिल्याच पावसात कोसळत नाही. पण ते गळू लागते, आणि कोठून गळेल ते सांगता येत नाही. संगणकाचेही तसेच. चोरवाटा सापडत राहतात आणि त्या बुजवणारा कोणी उरत नाही. शाळेच्या कपाटात मुलांची नावे, जन्मतारखा आणि गुण असतात, तसेच ते आता संगणकातही असतात. म्हणून ऑक्टोबरच्या अखेरीस आमच्या संगणकावर 'विंडोज ११' ही नवी प्रणाली चढवण्यात आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीप्रमाणे खुर्चीवर बसलो आणि हात नेहमीप्रमाणे पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्याकडे गेला. त्या कोपऱ्यात 'स्टार्ट'चे बटण असते हे आमच्या हाताने फार पूर्वीच पाठ केले होते. २४ ऑगस्ट १९९५ रोजी 'विंडोज ९५' बाजारात आली तेव्हापासून, मधला थोडा काळ सोडला तर, ते बटण त्या कोपऱ्यातून हलले नव्हते. आता ते खालच्या पट्टीच्या मध्यभागी जाऊन बसले होते, आणि त्याच्या जुन्या जागी हवामानाचा फलक आला होता. आम्ही दाखला लिहावयास बसावे आणि संगणकाने आम्हास आजचे तापमान सांगावे, असा प्रकार दिवसातून दहा वेळा घडू लागला. माऊसची उजवी कळ दाबली असता पूर्वी शब्दांची यादी उघडत असे. तीही बदलली होती. कापणे, नक्कल करणे, चिकटवणे, नाव बदलणे, पुसून टाकणे या नित्याच्या कामांचे शब्द जाऊन त्यांच्या जागी इवलीइवली चित्रे आली होती. जे काम अर्ध्या मिनिटात होई त्यास पाच मिनिटे लागू लागली.

पडद्याला 'डेस्कटॉप', म्हणजे मेजाचा पृष्ठभाग, असे का म्हणतात याचा आपण सहसा विचार करीत नाही. आरंभीच्या संगणकावर काम करणाऱ्यास आज्ञा पाठ कराव्या लागत आणि त्या बिनचूक लिहाव्या लागत. ९ डिसेंबर १९६८ रोजी डग्लस एंगलबार्ट या अमेरिकन अभियंत्याने सॅन फ्रान्सिस्को येथे प्रथमच लोकांसमोर माऊस चालवून दाखवला. पुढे झेरॉक्स कंपनीच्या संशोधनकेंद्रातील मंडळींनी पडद्यालाच कारकुनाच्या मेजाचे रूप दिले. १९८१ साली निघालेल्या त्यांच्या 'स्टार' या संगणकावर कागद, कागदांचे कप्पे, टपालाच्या पेट्या अशी चित्रे होती; १९८४ च्या मॅकिंटॉशने ती कल्पना घराघरांत नेली. यामागे मोठा मायेचा विचार होता. नव्या यंत्रासमोर बसलेल्या माणसास परके वाटू नये, त्याला आपल्याच मेजापाशी बसल्यासारखे वाटावे, असा तो विचार. आता जी वस्तू मुळात ओळखीची वाटावी म्हणून घडवली गेली, तिचीच मांडणी एका रात्रीत बदलली तर माणूस गोंधळणारच. हा गोंधळ काही आमच्या एकट्याच्या वयाचा दोष नव्हे. २०१२ च्या ऑक्टोबरात 'विंडोज ८' निघाली तेव्हा स्टार्टचे बटण काढूनच टाकले होते. जगभरच्या लोकांनी इतकी तक्रार केली की दुसऱ्याच वर्षी ते बटण परत आणावे लागले, आणि २०१५ साली त्यामागची जुनी यादीही परतली. तो थोडा काळ वर सांगितला तो हाच.

इतके ज्ञान असूनही आमचे काम काही पुढे सरकत नव्हते. डिसेंबरअखेर वार्षिकांकाचा मजकूर बेळगावच्या छापखान्याकडे जावयाचा होता, आणि मुलांचे लेख वहीच्या पानांवर तसेच पडून होते. हे काम बाहेर कोणाकडे सोपवावे आणि आपण केवळ मुद्रिते तपासावीत, असाही विचार मनात आला. अशा वेळी नववीतील एक विद्यार्थिनी मदतीस आली. पोर मोठी चलाख. "सर, असं करायचं," म्हणून तिने आमच्या हातातील माऊस घेतला, डोळ्याचे पाते लवते न लवते तोच चार ठिकाणी टिचक्या मारल्या, आणि काम झाले. आम्ही तिचे आभार मानले. तिने केले ते चांगल्याच भावनेने केले. परंतु ती गेल्यावर आमच्या ध्यानात आले की काम झाले खरे, आम्ही मात्र होतो तेथेच आहोत. उद्या पुन्हा तिलाच हाक मारावी लागणार. आणि खरे सांगावयाचे तर, परवा हाक मारण्याची आम्हास शरम वाटू लागणार.

या शरमेचे नाव आम्हास सापडले ते तात्यांमुळे. तात्या म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले सांधेवाले. आज ऐंशीच्या घरात आहेत. नोव्हेंबर महिन्यात निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला द्यावा लागतो, त्या निमित्ताने एका कागदाची छायाप्रत काढण्यास ते शाळेत आले होते. त्यांची लेक पुण्यास असते. दर रविवारी घरच्या संगणकावर ते लेकीशी बोलतात, नातवंडांना पाहतात, हे आम्हास ठाऊक होते. सहज विचारले, "तात्या, लेक बरी आहे ना?" तात्या थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "असंल की ओ, बरीच असंल. तीन आठवडं झालं, बोलणं न्हाई." घरच्या संगणकावर नातवाने नवी प्रणाली चढवली होती. तात्यांचा हात जुन्या जागी जाई, तेथे भलतेच काही उघडे, नातू हसत हसत येऊन माऊस काढून घेई. दोनचार वेळा असे झाल्यावर तात्यांनी त्या खोलीत जाणेच सोडले. लेकीचा फोन आला तर "कामात हाय" म्हणून सांगू लागले. ऐंशी वर्षांच्या माणसाला घरात कसले आले आहे काम!

आम्ही म्हणालो, "तात्या, तुम्ही तर रूळ बदलताना पाहिलेत. हे बटण ते काय?" लोंढा हे जंक्शन आहे, बेळगावकडून येणारी आणि हुबळीकडे जाणारी वाट येथेच गोव्याच्या वाटेस मिळते. येथे पूर्वी मीटर गेज होते, म्हणजे दोन रुळांमध्ये १००० मिलिमीटरचे अंतर. पुण्यामुंबईहून मोठ्या गाडीने आलेल्या प्रवाशास मिरजेस उतरून लहान गाडी धरावी लागे, असे जुनी माणसे सांगतात. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात ते अंतर १६७६ मिलिमीटर झाले. रूळ बदलले, सांधे बदलले, डबे आणि इंजिने बदलली. ज्या माणसाच्या हाताने मध्यरात्री धुक्यात अचूक सांधा धरावा, त्याच्या हाताला हे सारे नव्याने शिकावे लागले. आमचे बोलणे ऐकून तात्या म्हणाले, "रूळ रुंद झालं तवा कुणी कुणाला हसलं न्हाई ओ, सर. सायबापासनं गँगमनपर्यंत सगळंच नवशिके. आता घरात मी एकटाच नवशिका."

तात्यांचे हे वाक्य आमच्या मनातून जाईना. आमच्या आधीच्या पिढीने याहून केवढे तरी मोठे बदल पचवले आहेत. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली. तोवर रुपयाचे सोळा आणे होत. आता त्याचे शंभर नवे पैसे झाले. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे! पाव पैसा द्यावयाचा कसा आणि घ्यावयाचा कसा? भाजीवाली आणि गिऱ्हाईक, पोस्टमास्तर आणि पत्र टाकणारा, शाळेचे गुरुजी आणि त्यांचे विद्यार्थी, सारे एकाच दिवशी बुचकळ्यात पडले. परिवर्तनाची कोष्टके टांगली गेली आणि ती पाहून हिशेब होऊ लागले. कोष्टकाकडे पाहण्यात कमीपणा नव्हता, कारण प्रत्येकालाच ते पाहावे लागत होते. हळूहळू हात सरावले, आणि १ जून १९६४ पासून त्या पैशाचे 'नवे' हे विशेषणही गळून पडले. संगणकाचा बदल मात्र असा गावावर एकदम येत नाही. तो घराघरांत वेगवेगळ्या दिवशी येतो, आणि घरातही धाकट्यास एका दुपारी आत्मसात होतो, थोरल्यास महिना लागतो. त्या दुपारीच्या आणि महिन्याच्या मध्ये जी लाज उभी राहते, तीच माणसास त्या खोलीतून उठवते. बटण बिचारे निमित्तमात्र.

हे उमगल्यावर आम्ही त्या विद्यार्थिनीस पुन्हा बोलावले आणि तिच्याशी एक करार केला. वर्गात आम्ही मुलांना 'हाताची घडी, तोंडावर बोट' असे सांगत असतो. तिला सांगितले, "तू हाताची घडी घालावयाची, तोंडावर बोट मात्र ठेवावयाचे नाही." तिने केवळ सांगावे, माऊस आमच्याच हाती राहावा. पहिल्या दिवशी तिचे हात फार शिवशिवले. परंतु तिसऱ्या दिवसापासून काम मार्गी लागले. खालच्या पट्टीवर उजवी कळ दाबून तिच्या सेटिंग्जमध्ये गेले असता पट्टीवरील चिन्हे डावीकडे सरकवण्याची सोय आहे, हे तिने सांगितले आणि आम्ही ते केले. स्टार्टचे बटण पुन्हा आपल्या कोपऱ्यात येऊन बसले. जेथे जुनी सोय मिळते तेथे ती घ्यावी, त्यात हार कसली? उजव्या कळीची चित्रे मात्र शिकावीच लागली. त्यांसाठी आम्ही जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर एक कोष्टक केले आणि पडद्याशेजारी टांगले. कात्री म्हणजे कापणे, एकावर एक दोन कागद म्हणजे नक्कल, फळीवर लावलेला कागद म्हणजे चिकटवणे, टोपली म्हणजे पुसणे. मुलीने विचारले, "सर, कात्रीच का?" तेव्हा तिला सांगितले की पूर्वी संपादक मुद्रिताचे तुकडे खरोखरीच कात्रीने कापून खळीने दुसरीकडे चिकटवीत, १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या केंद्रात लॅरी टेस्लर प्रभृतींनी तीच रीत पडद्यावर आणली. त्यानंतर ते चित्र तीही विसरणार नाही आणि आम्हीही.

याच काळात आणखी एक गंमत कळली. ही चलाख मुलगी मराठी लिहिताना इंग्रजी अक्षरे टंकीत असे आणि संगणक त्यांचे मराठी करून देई. मग 'न' आणि 'ण' यांचा, ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ निस्तरीत बसे. आम्ही जी कळमांडणी वापरतो तिचे नाव इनस्क्रिप्ट. १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ती प्रमाण केली. तीत स्वर आणि मात्रा डाव्या हाताखाली, तर बहुतेक व्यंजने उजव्या हाताखाली येतात; क आणि ख, ग आणि घ यांसारख्या जोड्या एकेकाच कळीवर नांदतात. आपली वर्णमालाच तेथे उतरली आहे. आणि आपल्या सीमाभागास विशेष उपयोगाची गोष्ट अशी की भारतीय लिप्यांसाठी ही मांडणी एकच आहे. ज्या कळीवर मराठीचा 'क' त्याच कळीवर कन्नडचा 'क'. ज्याचा हात मराठीत सरावला त्याला कन्नड टंकनासाठी कळा नव्याने पाठ कराव्या लागत नाहीत. प्रणाली बदलली तरी ही मांडणी तसूभरही हलली नव्हती. आम्ही ती मुलीस शिकवू लागलो. पहिल्या दिवशी 'ज्ञानेश्वर' हा शब्द लिहिता लिहिता तिला घाम फुटला. आम्ही हाताची घडी घालून शेजारी बसलो होतो. आता त्या खोलीत दोन नवशिके होते, आणि त्यापुढे कोणालाच कोणाची लाज वाटली नाही. या अंकातील पुष्कळसा मजकूर आमच्या चार हातांनी टंकलिखित झाला आहे.

तात्यांच्या नातवाशीही आम्ही बोललो. तो आमच्याच शाळेत दहावीत आहे आणि मनाने मुळीच वाईट नाही. आजोबांचे चुकते म्हणून आपण हसतो, एवढेच त्यास ठाऊक होते. त्या हसण्याने आत्याचा आवाज घरातून नाहीसा झाला हे त्याच्या गावीही नव्हते. त्यास आम्ही एवढेच सांगितले की आजोबांना संगणक शिकवू नकोस, त्यांना लागणाऱ्या तीन गोष्टी शिकव. संगणक सुरू करणे, लेकीला हाक देणे, आणि बोलणे संपल्यावर बंद करणे. कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर त्याने ठळक अक्षरांत त्या लिहून भिंतीला लावल्या, शेजारी बाणांची चित्रे काढली. पहिल्या रविवारी लेकीला हाक देण्यास पाऊण तास लागला म्हणे. नातू पाऊण तास हाताची घडी घालून बसला. दहावीच्या मुलाने पाऊण तास हात आवरावेत, हे आम्हास त्याच्या गणितातील गुणांइतकेच मोलाचे वाटते.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरी या वर्षी ना त्या वर्षी अशी वेळ येईल. आजी, आजोबा, आई, काका यांच्यापैकी कोणाचा तरी हात जुन्या जागी जाऊन रिकामा परत येईल आणि ते तुमच्याकडे पाहतील. त्या वेळी माऊस काढून घेणे फार सोपे असते. तसे केल्याने एक काम होते आणि एक माणूस त्या यंत्रापासून दूर जातो. हाताची घडी घालून शेजारी बसा. जी गोष्ट जागेवर आहे ती आधी दाखवा, हललेली नंतर दाखवा. एका दिवशी दोनाहून अधिक गोष्टी दाखवू नका, आणि विचारलेले पुन्हा विचारले तर पहिल्यांदाच विचारल्याप्रमाणे सांगा. वडीलधाऱ्यांनाही आमची विनंती आहे की कोष्टक टांगण्यात कमीपणा मानू नये. आणे मोजणाऱ्या ज्या पिढीने शंभर पैशांचा रुपया आपलासा केला, तिनेही कोष्टकाकडे पाहूनच तो आपलासा केला.

आज तुमची बोटे ज्या पडद्यावर न पाहता धावतात, त्याचीही मांडणी उद्या बदलणार आहे. 'विंडोज ११' ही काही अखेरची प्रणाली नव्हे. तेव्हा तुमच्या शेजारी बसणारे मूल आज जन्मलेलेही नसेल. त्याने हसावे की हाताची घडी घालून बसावे, हे ते तुमच्याच घरात, तुमच्याकडे पाहून शिकणार आहे.